डिस्क मोजल्याशिवाय काचबिंदू न ठरवणारे फोंड्यातले नेत्रचिकित्सालय

गोव्यातल्या फोंडा शहरातल्या या नेत्रचिकित्सालयात काचबिंदूच्या संशयाने आलेल्या रुग्णाची तपासणी कशी होते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. चष्म्याचा नंबर काढणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळे येणे अशा कामांसाठीही इथे बरीच गर्दी असते. त्या सेवांबद्दल मला काही म्हणायचे नाही, कारण त्यांसाठी मी इथे कधी गेलेलो नाही. आमच्या घरातल्या तिघांची, म्हणजे माझी, माझ्या भाचीची आणि आत्याची, काचबिंदूसाठीची पूर्ण तपासणी इथे झाली आणि तिघांच्याही बाबतीत मूळ प्रश्न एकच होता: डोळ्यात दिसणारे वेगळेपण ही त्या माणसाच्या दृष्टिनाडीची जन्मजात ठेवण आहे, की आजाराने केलेला बिघाड? हा भेद करण्यासाठी लागणारी चिकाटी इथल्या डॉक्टरांकडे आहे. त्यासाठी पाचपैकी चार तारे देतो. पाचवा का राखून ठेवला, तेही ओघात येईल.

आधी विषयाबद्दल थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर कौतुक कशाचे चालले आहे ते कळणार नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून निघालेले साधारण दहा ते बारा लाख मज्जातंतू एका जागी गोळा होतात आणि दृष्टिनाडीच्या रूपाने मेंदूकडे जातात. बाहुलीतून आत पाहिले की ही जागा फिकट गुलाबी, उभट गोल चकतीसारखी दिसते. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात. डिस्कच्या मध्यभागी जो खोलगट भाग असतो तो कप, आणि त्याच्या सभोवतालची तंतूंनी भरलेली कड म्हणजे रिम. काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरतात, रिम झिजते आणि कप रुंद होत जातो. म्हणून कपचा व्यास डिस्कच्या व्यासाच्या तुलनेत किती, हे गुणोत्तर कागदावर लिहिण्याची पद्धत पडली. 0.3 किंवा 0.4 असेल तर सहसा कोणी काही बोलत नाही, 0.7 दिसले की संशय घेतात.

अडचण अशी, की डिस्कचा आकार सगळ्यांचा सारखा नसतो, आणि हा फरक किरकोळ नाही. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ योस्ट योनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली निरोगी डोळ्यांतल्या डिस्कची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत सर्वांत लहान डिस्कचे क्षेत्रफळ सुमारे 0.8 चौरस मिलिमीटर होते आणि सर्वांत मोठ्या डिस्कचे सुमारे 5.5. म्हणजे दोन्ही डोळे निरोगी असूनही जवळजवळ सातपटीचा फरक. मोठ्या डिस्कमध्ये तंतू थोडे जास्त असतात खरे, पण जागेच्या प्रमाणात ते वाढत नाहीत. सुंभाच्या धाग्यांची जुडी अरुंद भोकातून ओवली तर भोक गच्च भरते. तीच जुडी रुंद भोकातून ओवली तर धागे कडेला सरकतात आणि मधोमध पोकळी राहते. ती पोकळी धागे तुटल्यामुळे झालेली नसते. मोठ्या डिस्कमधला मोठा कप पुष्कळदा याच कारणाने असतो, आणि उलट लहान डिस्कमध्ये निरोगी अवस्थेत कप जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे 0.4 किंवा 0.5 एवढा कप दिसला तरी बरेच काही गमावलेले असू शकते.

माझी गोष्ट पहिल्या प्रकारातली आहे. एका चष्म्याच्या दुकानाने भरवलेल्या मोफत शिबिरात माझ्या चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांसाठी 0.7 असा आकडा लिहून, खाली काचबिंदू असे ठळक अक्षरांत लिहून दिले आणि थेंब जन्मभर घालावे लागतील असेही सांगून टाकले. डिस्क किती मोठी आहे याचा उल्लेख त्या चिठ्ठीवर कुठेही नव्हता. डोळ्यातला दाब मात्र लिहिला होता, तो दोन्हीकडे 21 च्या, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या, खालीच होता; पण दाब बरा असूनही काचबिंदू असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून निर्धास्त होता येत नव्हते. आईला काचबिंदू होता. आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे संशय घेण्यात चूक नव्हती. संशयालाच निदान म्हणणे चुकीचे होते.

फोंड्याला डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि तिच्यावर काही भाष्य केले नाही, हे मला आवडले. आधी दाब पाहिला, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी मोजली, आरशाचे भिंग डोळ्याला लावून डोळ्यातले पाणी जिथून निचरते तो आतला कोन उघडा आहे की अरुंद हेही तपासले. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे फील्डची चाचणी बाहुली मोठी करण्याआधी उरकली. मग थेंब घालून बाहुली मोठी झाल्यावर जे केले ते मी दुसरीकडे पाहिलेले नाही. स्लिट लॅम्प या प्रकाशपट्टीच्या सूक्ष्मदर्शकासमोर हनुवटी टेकवून बसवल्यावर त्यांनी 90 डायॉप्टरचे भिंग डोळ्यासमोर धरले, प्रकाशाची उभी पट्टी डिस्कवर आणली आणि यंत्राचे चाक फिरवत ती पट्टी डिस्कच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत नेमकी बसेल एवढी आखूड केली. यंत्रावरच्या मापपट्टीवर आकडा आला 1.8. या भिंगातून पाहताना तो सुमारे 1.3 ने गुणावा लागतो, असे सांगत त्यांनी केसपेपरवर लिहिले: डिस्क 2.3 मिलिमीटर, मोठी. त्याच्या खाली कप 0.7, आणि त्याच्या खाली कडेची जाडी चारही बाजूंनी. साधारणपणे 1.5 पेक्षा कमी ती लहान, 2 पेक्षा जास्त ती मोठी, असा त्यांचा हिशेब आहे. या सगळ्या मोजणीला मिनिटभरही लागले नसेल.

घरी येऊन मी त्या आकड्यांवर थोडे गणित केले. डिस्क आणि कप दोन्ही अगदी गोल आहेत असे धरले, तर 2.3 मिलिमीटर व्यासाच्या डिस्कचे क्षेत्रफळ सुमारे 4.15 चौरस मिलिमीटर होते. कप 0.7 असेल तर त्यातला 49 टक्के भाग कपकडे जातो आणि 2.1 चौरस मिलिमीटरच्या आसपास रिम शिल्लक राहते. आता 1.4 मिलिमीटर व्यासाची डिस्क घ्या, कप 0.5 धरा, क्षेत्रफळ 1.54, त्यातला पाव भाग कपचा, उरली रिम 1.15. म्हणजे ज्याच्या कागदावर 0.5 लिहिले आहे आणि ज्याला कोणी अडवणार नाही, त्याच्या डोळ्यातली रिम 0.7 वाल्याच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त. प्रत्यक्ष डोळ्यात आकार इतके गोल नसतात आणि लहान डिस्कमध्ये तंतू मुळातही थोडे कमी असतात, हे मान्य. तरीही डिस्कच्या मापाशिवाय लिहिलेले गुणोत्तर रुग्णाच्या हातात देऊ नये, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले.

कडेच्या जाडीला इथले डॉक्टर गुणोत्तरापेक्षा जास्त महत्त्व देतात. निरोगी डोळ्यात बहुधा खालची कड सर्वांत जाड, मग वरची, मग नाकाच्या बाजूची आणि कानशिलाच्या बाजूची सर्वांत पातळ, असा क्रम असतो. काचबिंदूत खालची आणि वरची कड आधी खंगते, त्यामुळे क्रम मोडला की डॉक्टर सावध होतात. मात्र हा क्रम निरोगी डोळ्यांतही अनेकदा पाळला जात नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या जोरावरही निर्णय होत नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत तो जागेवर होता, दोन्ही डोळे एकसारखे होते, कडेवर कुठे खाच नव्हती, रक्ताचा बारीक ठिपका नव्हता, फील्डही स्वच्छ आले. निष्कर्ष असा लिहिला: मोठ्या डिस्कमधला नैसर्गिक कप, आईचा इतिहास असल्यामुळे दरवर्षी तपासणी, औषध नको. डिस्कचा फोटो काढून ठेवला, कारण जन्मजात ठेवण वर्षानुवर्षे तशीच राहते आणि आजार असेल तर तो आज ना उद्या फोटोत बदल दाखवतो. शंकेच्या डोळ्याबाबत आजचा कुठलाही आकडा देऊ शकत नाही ते उत्तर पुढच्या वर्षांतली तुलना देते, असे ते म्हणाले.

इथे पहिली तक्रार. माझी ओसीटीची चाचणीही झाली. हे यंत्र डिस्कभोवतालच्या तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते, यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या मोजमापांशी ताडून पाहते आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते. रंगीत कागद तंत्रज्ञाने काउंटरवर दिला आणि काउंटरवरून तो थेट माझ्या हातात आला. डॉक्टरांची भेट त्यानंतर तासाभराने. त्या कागदावर कपच्या रकान्यांना रंगच नव्हता, ते राखाडी होते. डिस्क फार लहान किंवा फार मोठी असेल तर काही यंत्रे तुलना करण्याचे टाळतात आणि रकाना राखाडी सोडतात, कारण तेवढ्या आकाराची माणसे त्यांच्या साठ्यात पुरेशी नसतात. यंत्राचा हा प्रामाणिकपणा उत्तम, पण काउंटरवर विचारले तर "डॉक्टर सांगतील" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंच्या कागदावर लाल पट्टा होता आणि त्या मुलाला फोन लावून रडवेल्या आवाजात बोलत होत्या. रंगीत कागद डॉक्टरांच्या टेबलावरच उघडावा, एवढी साधी शिस्त इथे लागायला हवी.

लाल रंग किती फसवा असू शकतो, ते भाचीच्या तपासणीत दिसले. तिला उणे सातचा नंबर आहे. अशा डोळ्याचा गोल लांबट झालेला असतो, डिस्क तिरपी दिसते, तिच्या कडेला पडद्याखालचा पांढुरका पट्टा उघडा पडलेला असतो आणि कपची सीमा नेमकी कुठे धरावी हेच कळत नाही. तिच्या ओसीटीवर वर आणि खाली, नाकाच्या बाजूला लाल रंग होता. डॉक्टरांनी संगणकावर तिचा आलेख मोठा करून दाखवला. निरोगी डोळ्यात तंतूंचा थर वर आणि खाली जाड असतो, त्यामुळे आलेखाला दोन उंचवटे येतात. तिचे दोन्ही उंचवटे पुरेसे उंच होते, फक्त दोन्ही कानशिलाच्या बाजूला सरकलेले होते. यंत्राला ते अपेक्षित जागी सापडले नाहीत, म्हणून त्या जागा लाल. मायनसचा मोठा नंबर असलेल्या डोळ्यांत हे पुष्कळदा घडते आणि यंत्राच्या साठ्यात असे डोळे कमी असल्यामुळे रंगाने घाबरून जाऊ नये, असे त्यांनी तिला समजावले. पण मोठ्या मायनस नंबरवाल्यांना काचबिंदूचा धोकाही जास्तच असतो, हेही त्यांनी दडवले नाही. दृष्टीच्या मध्यबिंदूजवळच्या पेशींच्या थराचे वेगळे स्कॅन केले आणि पुढच्या वर्षी याच यंत्रावर यायला सांगितले, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. ती शिकायला पुण्याला असल्याने ही अट तिला अवघड आहे. तरी अट रास्त आहे.

या चिकित्सालयाबद्दल इतक्या विस्ताराने लिहावेसे वाटले ते मात्र आत्यामुळे. तिला प्लसचा नंबर आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या कागदावर उजवा 0.2, डावा 0.45, दाब 17, सर्व ठीक असे लिहिले होते, आणि वरवर पाहता त्यात अडण्यासारखे काही नाही. पण दोन डोळ्यांतला फरक 0.2 च्या पुढे गेला की डिस्कच्या मापात तेवढाच फरक आहे का, हे पाहायला हवे. इथे डॉक्टरांनी पट्टीने मोजले तेव्हा दोन्ही डिस्क लहान आणि जवळजवळ सारख्या निघाल्या. म्हणजे डाव्या डोळ्यातला जास्तीचा कप ठेवणीतून आलेला नव्हता. त्यांनी स्लिट लॅम्पचा प्रकाश हिरवा केला, म्हणजे तंतूंचा थर नीट उठून दिसतो, आणि मला बाजूच्या दुसऱ्या नळीतून पाहू दिले. चंदेरी रेघांच्या थरात डिस्कच्या खालच्या कडेपासून निघालेली, बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली एक काळसर फट होती. तिच्या टोकाशी, कडेवर, बारीक खाच. एकदा दाखवल्यावर ती नजरेआड होणे शक्य नव्हते.

"मावशी, तुमची डिस्कच मुळात लहान आहे, म्हणून एवढासा कपसुद्धा तुमच्यासाठी मोठा," असे ते तिला म्हणाले, आणि मग उरलेले सगळे कोकणीतून सावकाश सांगितले. कॉर्नियाची जाडी 490 मायक्रॉनच्या आसपास भरली. बहुतेकांची ती 520 ते 540 असते. कॉर्निया पातळ असेल तर यंत्रावर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे तिच्या 17 ला फारसा अर्थ उरला नाही. प्लस नंबरच्या लहान डोळ्यांत कोन अरुंद असण्याची शक्यता असते, म्हणून तो विशेष लक्ष देऊन पाहिला. तो उघडा होता. डाव्या डोळ्याच्या फील्डमध्ये वरच्या भागात, नाकाच्या बाजूला डाग आला. खालच्या कडेचे तंतू गेले की नजरेचा वरचा भाग जातो, त्यामुळे खाच आणि डाग यांची जागा जुळत होती. पहिल्या फील्डवर विसंबायचे नाही, पहिल्यांदा चाचणी देणारा माणूस गोंधळतो, असे म्हणून त्यांनी ती चाचणी वेगळ्या दिवशी पुन्हा घेतली. डाग तिथेच होता. तेव्हा कुठे रात्री एक थेंब घालायचे औषध सुरू केले. मला एका आकड्यावरून जन्मभराचे औषध सांगितले गेले होते आणि हिला तशाच एका आकड्यावरून घरी पाठवले गेले होते, या योगायोगाची मला अजूनही गंमत वाटते, आणि ती फारशी सुखाची नाही.

डॉक्टर घाई करत नाहीत, त्याची किंमत बाहेर बसलेले लोक मोजतात. वेळ घेऊन गेलो तरी दोन-अडीच तास सहज जातात. सकाळची पहिली वेळ मिळाली तर घ्यावी, दुपारनंतर सगळेच मागे पडत जाते. फील्डची चाचणी ज्या खोलीत होते तिला दार नाही, नुसता पडदा आहे. बाहेर टोकन नंबर पुकारला जातो, कोणाचा मोबाइल वाजतो, आणि आत माणसाने समोरच्या बिंदूवरची नजर न हलवता बारीक दिवा दिसला की बटण दाबायचे असते. ज्या चाचणीवर औषधाचा निर्णय ठरतो तिला एक दार बसवणे या चिकित्सालयाला जड नाही. अहवाल सगळे इंग्रजीत असतात. डॉक्टर तोंडी उत्तम समजावतात, पण आत्यासारख्या माणसाला घरी नेऊन पुन्हा वाचता येईल असे अर्धे पान मराठीत किंवा कोकणीत दिले तर तिला माझ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. पाचवा तारा या तीन-चार गोष्टींत अडकला आहे.

खर्चाचे सांगायचे तर तपासणी, ओसीटी, फील्ड, कॉर्नियाची जाडी आणि फोटो मिळून साडेतीन हजारांच्या आसपास बिल होते. एवढ्या कामाला ते जास्त नाही, पण दरवर्षीचा खर्च म्हणून पाहिले तर सगळ्यांना झेपेल असेही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात जाण्याचा विचार करावा. तिथे रांग मोठी असेल, पण खर्चाचा भार हलका होतो. तपासणी कुठेही करून घेतली तरी केसपेपरवर गुणोत्तराच्या शेजारी डिस्कचे माप लिहिले आहे का, ते पाहावे आणि नसेल तर विचारावे. विचारल्यावर डॉक्टर रागावले, तर तेही एक उत्तरच समजावे.

बाहुली मोठी करण्याच्या थेंबांमुळे चार-पाच तास जवळचे वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये; कदंबच्या बसने जावे किंवा कोणाला तरी सोबत न्यावे. काळा चष्मा, सध्याचा नंबरचा चष्मा आणि जुने कागद, विशेषतः जुने फोटो असतील तर ते न चुकता न्यावेत. डिस्कचे फोटो हे लोक त्यांच्या संगणकात ठेवतात आणि आपल्याला अहवालावर अंगठ्याएवढी छपाई देतात, जिचा तुलनेसाठी काही उपयोग नाही. मागितल्यावर मूळ फोटो मोबाइलवर पाठवतात. आत्याचे आणि माझे मी असे मागवून घेतले, भाचीचे येणे बाकी आहे आणि त्यासाठी काउंटरवर पुन्हा आठवण करून द्यावी लागणार आहे.